उचंत खात्यातल्या चाली

बँकेच्या हिशेबात एक खातं असतं, त्याला मराठीत ‘उचंत खातं’ म्हणतात. पैसा आला आहे, पण कुणाचा ते कळत नाही. भरणा झाला आहे, पण खाते क्रमांक चुकला आहे. अशी नोंद दिवस संपण्यापूर्वी कुठे तरी टाकावीच लागते, कारण बेरीज जुळल्याशिवाय कॅशियरला घरी जाता येत नाही. ती नोंद मग उचंतात जाते. धनी सापडला की रक्कम त्याच्या नावे जमा करायची आणि उचंतातली नोंद मिटवायची, असा नियम. प्रत्यक्षात काही नोंदी तिथे वर्षानुवर्षं पडून राहतात. तपासनीस येतात, लाल शाईने खूण करतात आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा खूण करतात.

माझ्या कपाटातल्या एका कॅसेटवर अशी लाल खूण व्हायला हवी होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं आहे : ‘सुलतानपूर. लग्न. बायकांची गाणी. १९८७.’ बस, एवढंच.

ही कॅसेट बाहेर निघाली त्याला कारण एक फोन झाला. माझ्या एका जुन्या कादंबरीवर नाटक बसवणारी एक तरुण दिग्दर्शिका बोलत होती. कादंबरीत पहाटेच्या दळणाचा एक प्रसंग आहे, त्यात ओव्या आहेत. त्या ओव्या मी या कॅसेटवरूनच उतरवल्या होत्या. तिला त्या मूळ चालीत रंगमंचावर म्हणायच्या होत्या. मी कॅसेटची नक्कल करून पाठवली. आठ दिवसांनी तिने विचारलं, “काका, पत्रिकेत चालीचं श्रेय कुणाला देऊ? ‘पारंपरिक’ लिहिलं तर चालेल ना?”

“चालेल की,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

नंतर मात्र चैन पडेना. नोकरीत असताना सही नसलेली एक पावती मी कधी पुढे जाऊ दिली नाही. बिनसहीच्या चेकवर पैसे दिले असते तर दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद हातात पडला असता. आणि इथे मी पाच-सहा बायकांकडून तासाभराचं गाणं उचललं, कादंबरीत वापरलं, त्या पानांबद्दल वाचकांची पत्रं घेतली, आणि पावतीवर नाव कुणाचं? कुणाचंच नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द म्हणजे आपल्या गाण्याबजावण्याचं उचंत खातं आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा लख्ख दिसलं.

मेहकरहून सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागलं की सुलतानपूर येतं. लोणारचं सरोवर पाहायला जाणारे इथूनच दक्षिणेला वळतात. बुलढाणा जिल्ह्याचा हा टोकाचा भाग. काळी जमीन, कापूस, ज्वारी. बोली वऱ्हाडी, पण मराठवाड्याची हद्द जवळ असल्यामुळे तिला थोडं मराठवाडी वळण. पंचविशीत मी तिथे नोकरीसाठी खोली घेऊन राहत होतो. घरमालकांच्या मुलीचं लग्न निघालं. गावात विजेची चक्की केव्हाच आली होती. रोजचं दळण जात्यावरून उठलं होतं. पण लग्नाची हळद जात्यावरच दळायची, हा रिवाज कुणी मोडला नव्हता. पहाटे ओट्यावर जातं मांडलं गेलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि बायका गायला बसल्या. माझ्याकडे नवा टू-इन-वन होता. वीज नव्हती म्हणून सेल घातले, तो उंबऱ्याजवळ ठेवला आणि तांबडं बटण दाबलं. कोण गातंय, कुठली गातंय हे विचारायचं मनातही आलं नाही. मला ओव्यांचे शब्द हवे होते. चाल ही शब्दांच्या अंगावरची पिशवी, अशी तेव्हाची माझी समजूत.

आता नुसत्या चालीच ऐकायच्या म्हणून कान लावून बसलो. पहिले चार दिवस हाती काही लागलं नाही. त्याच शब्दांना दोन वेगळ्या चाली होत्या आणि एकाच चालीत बहिणीची, भावाची, देवाची अशी सगळ्या प्रकारची ओवी बसत होती. म्हणजे शब्दांवरून चाल ओळखू पाहणं व्यर्थ. ओवीचे साडेतीन चरण, पण गाताना मध्ये ‘गं बाई’, ‘माय’ असे शब्द पेरले जातात आणि ओळ कुठल्या कुठे लांबते. चालीची खूण तिथे सापडते. एक चाल दुसऱ्या चरणाच्या शेवटी खाली उतरते, दुसरी तिथेच वर उडी घेते. एकीत अर्धा चरण दोनदा म्हणतात, दुसरीत तो घाईने उरकतात. जात्याची घरघर हाच ताल. दगडाचा फेरा पुरा झाला की सूर टेकतो. मी हिशेबनीस माणूस, वहीत रकाने आखले. महिन्याभरात नऊ वेगळ्या चाली निघाल्या. नऊही बेनामी.

चालीला नाव द्यायची आपली मराठी रीत मोठी गमतीची आहे. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं ज्यांनी हाताळली असतील त्यांना आठवेल. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० सालचं, ‘सौभद्र’ १८८२ चं. त्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल’ असं छापून पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द दिलेले असतात. खेड्यात पत्ता सांगतात तसं. पाटलाच्या वाड्यासमोरचं घर. पाटलाचा वाडा ज्याला ठाऊक, त्याला ते घर सापडलंच. त्या काळच्या वाचकाला स्वरलिपीची गरज नव्हती. ते दुसरं गाणं त्याच्या कानात असायचं. कुठे साकी, कुठे दिंडी, कुठे लावणी. किर्लोस्कर कर्नाटकातल्या गुर्लहोसूरचे, त्यामुळे काही पदांच्या डोक्यावर कानडी गाण्याचे शब्द.

पुढे शंभर वर्षांत पाटलाचे वाडे पडले. ज्या गाण्याची खूण सांगितली ते गाणंच कुणाला येईनासं झालं. पद मात्र राहिलं, कारण ते नाटकाबरोबर पिढ्यान्‌पिढ्या गात आले. आज उलटा व्यवहार चालतो. मूळ चीज शोधायची तर नाट्यपदावरून माग काढायचा. गोविंदराव टेंब्यांनी १९११ च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या, भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’ला. भास्करबुवा १९२२ साली गेले. त्यांचा आवाज कुठल्याही ध्वनिमुद्रिकेवर ऐकायला मिळत नाही. त्यांच्या गळ्यातलं जे काही आपल्या कानावर येतं, ते बालगंधर्वांच्या गळ्यातून. १९१९ च्या ‘एकच प्याला’तल्या चाली सुंदराबाईंनी पुरवल्या, हे जाणकारांना ठाऊक असतं. नाटक गडकऱ्यांचं, पदं गुर्जरांची, गाणारे बालगंधर्व. टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांच्या ओठांवर सुंदराबाईंचं नाव आलं असेल? तरी त्यांचं नाव निदान नोंदलं गेलं.

ध्वनिमुद्रिकांची गोष्टही याहून फार वेगळी नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात गाइसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्याला यंत्र घेऊन आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कोण गातंय हे कसं कळावं? म्हणून गाणं संपताच गायिकेने स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायचं. लहानपणी आम्ही या पुकाराला हसायचो. आज मला तो पुकार बँकेतल्या सहीसारखा वाटतो. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, त्यातले शेवटचे चार सेकंद बाईने आपल्या नावासाठी राखले. कागदी लेबलावर मात्र राग भलता, ताल भलता, असं पुष्कळदा झालं. तबकड्या सगळ्याच नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांनी मुद्रित केलेल्या नसत. वेग बदलला की पट्टी बदलते आणि काळी चारमध्ये गाणारा माणूस पांढरी पाचमध्ये गातो आहे असं वाटतं. जुन्या तबकड्यांचा छंद असलेल्यांनी १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था काढली. लेबल काय सांगतं आणि आतलं गाणं काय सांगतं याची पडताळणी अशा मंडळींनी केली नसती, तर निम्मं संगीत चुकीच्या नावावर जमा राहिलं असतं.

वेगाच्या या भानगडीने माझ्या कॅसेटचंही एक कोडं सुटलं. दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी बायकांचे आवाज बारीक आणि घाईचे होतात, जणू साठीच्या बाया सोळा वर्षांच्या झाल्या आहेत. मला वाटायचं, सूर्य वर आला म्हणून गाणं चढलं असेल. खरं कारण साधं होतं. टू-इन-वनचे सेल उतरत चालले होते. मुद्रण करताना फीत हळू फिरली की वाजवताना गाणं धावतं. एकाच बाईने तीच चाल दोन्ही बाजूंना म्हटली आहे, हे ध्यानात आलं आणि एका ओळखीच्या ध्वनितंत्रज्ञाने त्या मोजमापाने दुसरी बाजू सावकाश केली. तेव्हा मी नऊ मोजलेल्या चाली आठ निघाल्या. नववी ही पाचवीच होती, फक्त पळत सुटलेली.

याच सुमारास डब्लिनला गेलो. पुतण्या तिथे संगणकाच्या नोकरीत आहे. आयर्लंडची आणि सुलतानपूरची सांगड मला आधी सांगितली असती तर मी हसलो असतो. एका संध्याकाळी तो मला गुत्त्यात घेऊन गेला. कोपऱ्यात सहा-सात जण गोल बसून वाजवत होते. व्हायोलिन, लाकडी बासरी, एक चिमुकली बाजाची पेटी. समोर कागद नाही. एक चाल दोन-तीनदा फिरवायची आणि न थांबता दुसरीत शिरायचं. एक चाल मला फार आवडली. थांबल्यावर मी शेजारच्या म्हाताऱ्या वादकाला तिचं नाव विचारलं. तो म्हणाला, नाव काही नाही, ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव सांगू शकतो.

तिकडे ही नेहमीचीच बाब आहे म्हणे. तबकडीच्या वेष्टनावर चालीच्या नावाच्या जागी आयरिश भाषेतले दोन शब्द छापतात : ‘गन अनिम’, म्हणजे नावाविना. एका चालीला चार गावांत चार नावं आणि एका नावाच्या तीन चाली, हाही गोंधळ आहेच. तो निस्तरण्यात तिथल्या शहाण्या माणसांनी आयुष्यं घातली. फ्रान्सिस ओनील हा कॉर्क परगण्यातला मुलगा अमेरिकेत गेला आणि शिकागोचा पोलीसप्रमुख झाला. लहानपणी घरी ऐकलेल्या चाली त्याच्या डोक्यात होत्या, पण त्या लिहायच्या कशा? त्याच्याच खात्यातल्या जेम्स ओनील नावाच्या पोलिसाला स्वरलेखन येत होतं. आडनाव एकच, नातं नाही. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने टिपायचं. १९०३ साली त्यांच्या पुस्तकात १,८५० चाली छापल्या गेल्या. आपल्याकडे मुंबईच्या भातखंडे वकिलांनी दारोदार फिरून घराण्यांच्या चिजा गोळा केल्या, तोही हाच काळ. पोलीस काय आणि वकील काय, पुरावा जमवायची सवय असलेली माणसं ही.

पुढे ब्रेंडन ब्रानाख नावाच्या अभ्यासकाने चालीच्या सुरुवातीच्या ठळक स्वरांना आकडे दिले, त्या आकड्यांच्या क्रमाने कार्डं लावली आणि नाव ठाऊक नसलेली चाल आकड्यांवरून शोधायची सोय केली. आमच्या बँकेत सहीचे नमुने लावून ठेवलेले असत, त्याच जातीचं काम. गॉलवे परगण्यातल्या पॅडी फाही या व्हायोलिनवाल्याची कथा तर और आहे. त्याने साठेक चाली रचल्या आणि एकीलाही नाव दिलं नाही. लोक सगळ्यांनाच ‘पॅडी फाहीची’ म्हणतात. २०१९ साली तो १०२ वर्षांचा होऊन गेला.

डब्लिनमध्ये पारंपरिक संगीताचं एक सार्वजनिक संग्रहालय आहे. पुतण्याने तिथे नेलं. स्थापनेचं साल वाचून मी जरा थबकलो : १९८७. त्याच साली मी उंबऱ्याजवळ टू-इन-वन ठेवून चहा पीत बसलो होतो.

आपल्याकडे कुणी काही केलं नाही, असं मात्र नाही. त्याच दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून सुरुवात झाली आणि काम शेकडो गावांत पसरलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात येऊन मिळाले आणि हजारो ओव्या आवाजासकट मुद्रित झाल्या. पॉइत्वाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ या ग्रामीण संग्रहाने लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट अगदी साधी आहे. ओवीपुढे गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. मी जे केलं नाही, ते त्यांनी लाखभर वेळा केलं.

मोबाइलला विचारून पाहा, असं मला अनेकांनी सुचवलं. विचारलं. मोबाइल ऐकलेला तुकडा आपल्या साठ्यातल्या मुद्रणांशी ताडून पाहतो. जे कधी बाजारात आलंच नाही त्याचा ताळा तो कशाशी घालणार? एकदा त्याने एका भजनाचं नाव दिलं, तेही चुकीचं. डब्लिनमध्येच तयार झालेली एक सोय चालीचे स्वर उकलून ते छापील संग्रहांत शोधते. पण त्यासाठी आधी कुणी तरी ओनील होऊन गेलेला असावा लागतो. सुलतानपूरच्या जात्याचा ओनील मीच व्हायचा होतो. मी शब्द तेवढे घेतले.

शेवटी गेल्या मार्गशीर्षात सुलतानपूर गाठलं. अकोल्याहून पातूर, मालेगाव, मेहकर असा जुनाच रस्ता धरला. समृद्धी महामार्ग आता या भागातून गेला आहे, घाई असलेली माणसं तिकडून जातात. घरमालक आणि काकू केव्हाच वारले. ओटा फोडून तिथे फरशी बसवली आहे. जातं मात्र आहे, परसात पालथं घातलेलं. ज्या सुनेने १९८७ साली मला चहा आणून दिला होता ती आता नातवंडांची आजी. तिने निरोप पाठवून गल्लीतल्या तिघी जणींना बोलावलं. मी छोटा ध्वनिवर्धक काढून मध्ये ठेवला.

पहिली पाच मिनिटं त्या चाल ऐकतच नव्हत्या. त्या माणसं ऐकत होत्या. मागे एक बाई खोकते, तिच्यावरून एकीने आपली जाऊ ओळखली. मग बांगड्यांचा आवाज, मग रडणारं पोर, जे आता ट्रॅक्टर चालवतं. मी वही उघडून बसलो होतो. तिसरी चाल लागली तेव्हा घरची सून एकदम म्हणाली, “काय व माय, हा त आत्याबाईचा गळा हाये!”

म्हणजे सासूचा आवाज, असं मी लिहून घेतलं. पण पुढच्या ओवीत आवाज दुसऱ्याच बाईचा होता. मी तसं म्हणालो. तिघीही हसल्या. त्यातली थोरली म्हणाली, “साहेब, म्हनते कोनी बी. गळा आत्याबाईचा. त्यानं तो मंठ्याकून आनला व्हता, माहेराहून. आमी समद्या तिच्याच गळ्यावर म्हनत जाओ.”

मी पेन खाली ठेवलं. चालीला त्या गळा म्हणत होत्या. माझ्या रकान्यांत आठ चाली होत्या. त्यांच्या लेखी ते आठ बायकांचे आठ गळे होते, कुणी मंठ्याहून आणलेला, कुणी रिसोडकडून, कुणी लोणारहून. मुलगी लग्न होऊन आली की तिच्याबरोबर भांडी यायची तसा गळा यायचा, आणि जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला जी बसेल तिला तो मिळायचा. “चालीचं नाव काय म्हणता तुम्ही?” असं मी विचारलं, तेव्हा थोरलीने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “चालीला कायचं नाव? जिचा गळा तिचं नाव.” मला डब्लिनचा म्हातारा आठवला.

तीन तास बसलो. आठांपैकी पाच गळ्यांचा पत्ता लागला. एकावरून दोघींचं भांडण झालं. एक म्हणे तो बीबीकडचा, दुसरी म्हणे शेंदुर्जनचा, आणि दोघी आपापल्या माहेराच्या बाजूने ओढत होत्या. एक गळा भजनी मंडळातून आलेला निघाला, सप्त्यात ऐकून उचललेला. आणि एकाने माझी चांगलीच जिरवली. माझ्या कादंबरीत मी एका चालीचं वर्णन ‘शेकडो वर्षांच्या पहाटेतून वाहत आलेली’ असं केलं होतं. ती चाल लागताच तिघी एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावून हसू लागल्या. ती म्हणे टुरिंग टॉकीजच्या सिनेमातल्या गाण्याची. यात्रेत तंबू यायचा, तिथे ऐकून एका बाईने जात्यावर बसवली. सिनेमावाल्याने ती कुठल्या जात्यावरून उचलली होती, ते आता कोण सांगणार? पण माझ्या वाक्यातली शेकडो वर्षं तिथल्या तिथे खर्ची पडली.

राहिला एक गळा. तो लागला तेव्हा कुणी हसलं नाही, बोललं नाही. सगळ्या कॅसेटमध्ये तोच आवाज सर्वांत खणखणीत आहे, इतर बायका थांबून ऐकतात हे मुद्रणातही कळतं. रंगमंचावर हवी होती ती चाल हीच. जरा वेळाने घरच्या सुनेने हलक्या आवाजात सांगितलं, की ती बाई घरची किंवा नात्यातली नव्हती. ती मजुरीने दळायला यायची. लग्नात जात्याची पूजा घरच्यांनी केली, पाच सुवासिनींनी खुंट्याला हात लावला, आणि बाकीची सगळी हळद तिने दळली. गळा तिचा. घर, ओटा आणि जातं दुसऱ्याचं.

तिचा नातू जवळच्या गावात शिक्षक आहे. मी त्याला जाऊन भेटलो. मोठ्या आदराने बसवलं, चहा दिला. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, “सर, आजीचं नाव छापू नका. आजी लोकांच्या घरी दळायला जात होती, हे माझ्या पोरांना कशाला कळायला पाहिजे?” मी गप्प बसलो. यावर बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. मी तिच्या गाण्यावर कादंबरी विकली होती, त्याने तिच्या दळणावर शिक्षण घेतलं होतं, आणि त्या दळणाचा भार त्याच्या घराने वाहिला होता, माझ्या नव्हे.

निघताना त्याने विचारलं, “आवाज आहे म्हणता तुमच्याकडे?” मी मोबाइल पुढे केला. त्याने कानाशी धरला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तीन मिनिटं तसाच होता. घरात तिचा एकही फोटो नाही. मग म्हणाला, “पाठवून द्या.” हा लेख लिहायच्या आधी मी त्याला फोन केला. नावाशिवाय लिहा म्हणाला, गावात अशी घरं पुष्कळ होती. पत्रिकेतल्या नावाचं विचारलं तर म्हणाला, बहिणीशी बोलून सांगतो.

दिग्दर्शिकेला मी कळवलं आहे की ‘पारंपरिक’ हा शब्द काढ. पाच गळ्यांपुढे बाईचं नाव आणि माहेर लिही. त्या घरच्यांनी पत्रिकेपुरती परवानगी दिली आहे, म्हणून ती नावं इथे देत नाही. ज्या गळ्यावरून भांडण आहे, त्याच्यापुढे दोन्ही गावं लिही. सिनेमाचा असेल तर सिनेमाचा म्हण, आणि तो जात्यावर कुणी बसवला हेही लिही. सहाव्या नावाची जागा कोरी ठेव. तिथे ‘अज्ञात’ लिहू नकोस, कारण नाव अज्ञात नाही. ते मला ठाऊक आहे, तिच्या घराला ठाऊक आहे. ते छापायचं की नाही हे ठरवायचा हक्क माझा नाही, इतकंच.

कॅसेटवर आता नवी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर पाच नावं, पाच माहेरं आणि एक रिकामी ओळ. ती नोंद तूर्त उचंतात आहे. प्रयोगाला अजून तीन आठवडे आहेत, आणि फोनची रिंग वाजली की मी उठतो.